सेकंदाला बारा चित्रं

धावता धावता उलटी कळ दाबली तरी तो लगेच वळत नाही. आधी पाय रोवतो, फरशीवर हातभर घसरतो, अंग मागे झुकवतो, मग पाठ फिरवून पुन्हा धाव घेतो. तेवढ्यात पुढची कड आलेली असते आणि तो खालच्या सुळ्यांवर पडलेला असतो.

"मामा, हा लवकर वळत काहून नाही?" भाच्यानं विचारलं. मे महिना, नागपूरजवळच्या कन्हानचं ऊन, दार लोटून घेतलेलं, कूलरचा घरघराट आणि मांडीवर माझा लॅपटॉप. त्याच्या फोनमधल्या खेळातली माणसं बोटाच्या टोकावर वळतात. हा माणूस स्वतःच्या वजनानं वळतो. भाच्याला जी खोट वाटली, तिच्यातच 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चं सगळं सौंदर्य सुरू होतं.

हा खेळ जॉर्डन मेकनरनं ॲपल टू संगणकासाठी १९८९ साली पुरा केला. ब्रोडरबंड कंपनीनं तो प्रसिद्ध केला आणि १९९० मध्ये तो डॉसवर आला. आपल्याकडच्या बहुतेकांनी पाहिला तो हा डॉसवरचा. गोष्ट छोटी आहे. सुलतान मोहिमेवर गेलेला, वजीर जाफरनं राजकन्येपुढं तासाभराची मुदत ठेवलेली: लग्न नाही तर मरण. तिचा प्रियकर तळघरातल्या कोठडीत, हात रिकामे. तेवढ्या साठ मिनिटांत बारा मजले पार करून तिच्यापर्यंत पोचायचं.

वळण्याकडे पुन्हा येऊ. १९८५ साली मेकनरनं आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये पळवलं, उड्या मारायला लावल्या, भिंतीला लोंबकळायला लावलं आणि ते सगळं व्हिडिओवर टिपलं. मग टीव्हीवर एकेक चित्र थांबवून त्याचे साध्या कॅमेऱ्यानं फोटो काढले. त्या फोटोंवर काळ्या मार्करनं आणि पांढऱ्या शाईनं आकृतीची कड गिरवली, झेरॉक्स काढली आणि मग ती छायाकृती संगणकात उतरवली. म्हणून राजपुत्र कड पकडून वर चढतो तेव्हा आधी खांदे येतात, मग एक गुडघा, मग दुसरा. उंचावरून पडला की गुडघ्यात वाकतो आणि क्षणभर तसाच राहतो. हा क्षणभर कुणा चित्रकाराला सुचला नसता. एका पोराच्या शरीरानं गुरुत्वाकर्षणाला दिलेलं ते उत्तर आहे आणि आज कन्हानमध्ये कळ दाबली की ते जसंच्या तसं उमटतं.

तलवारीच्या झुंजीसाठी मात्र भाऊ कामाचा नव्हता, त्याला तलवार येत नव्हती. मेकनर १९३८ च्या 'द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड' या चित्रपटाकडे वळला. एरोल फ्लिन आणि बॅझिल रॅथबोन यांच्या द्वंद्वात काही सेकंद असे आहेत की दोघंही पूर्ण बाजूनं, समोरासमोर दिसतात. तेवढेच त्यानं घेतले. खेळातली झुंज नीट पाहा: वार, अडवणं, एक पाऊल पुढं, एक मागं. हालचाली एवढ्याच. पण अडवलेल्या वारानंतर लगेच उलट वार केला की तो बहुतेक लागतो, म्हणजे समोरच्याची लय ऐकावी लागते. जुगलबंदीत तबलजीनं समेवर यावं तसं या शिपायांशी लढावं लागतं. नुसती कळ बडवणारा जाड्या शिपायापाशीच संपतो.

आता शिफ्टची कळ. ती धरून बाण दाबला की राजपुत्र धावत नाही, पाऊल चाचपत पुढं टाकतो, कडेशी आला की थांबतो. सुळ्यांच्या ओळीतून याच चालीनं गेलं तर ते काही करत नाहीत. आणखी एक खूण मी भाच्याला दाखवली: जागच्या जागी उडी मारून बघ. मारली. त्याच ओळीतली एक फरशी थरथरली. "ती सैल आहे, तिच्यावर थांबू नको." पडद्यावर कुठंही सूचना नाही, बाण नाही, चमक नाही. एक फरशी हलते, बस. आमच्या कोळसा खाणींत जुने कामगार छताला काठीनं ठोकून आवाज ऐकायचे आणि मग पुढं पाऊल टाकायचे, असं मी लहानपणी ऐकलं आहे. या खेळानं तीच सावध चाल एका कळीत बसवली आहे.

आणि आरसा. चौथ्या मजल्यावर दाराकडे परत येताना, आधी जिथून सहज गेलो तिथं, एक आरसा उभा राहतो. वाट एकच, त्यातून. राजपुत्र धावत येऊन आरशावर उडी घेतो आणि दुसऱ्या बाजूनं त्याचीच छाया निघून पळून जाते. इकडे राजपुत्राच्या अंगात प्राणाचा एकच त्रिकोण उरतो. पुढच्या मजल्यावर ती छाया त्याच्या आधी जाऊन औषधाची बाटली पिऊन टाकते. त्याच्या पुढं, तो जीव खाऊन उडी मारून कडेला लोंबकळतो, तोच ती कळीवर पाय ठेवून दार बंद करते आणि त्याला खाली पडावं लागतं.

ही छाया कशी जन्मली, ते कळल्यापासून मला ती जास्तच आवडते. ॲपल टूच्या स्मृतीत आता दुसऱ्या पात्राच्या चित्रांना जागाच उरली नव्हती. भावाची सगळी धाव, सगळ्या उड्या तिथं ठासून भरल्या होत्या. मेकनरनं मग राजपुत्राचंच चित्र त्याच्याच अंगावर एक ठिपका सरकवून पुन्हा मांडलं, पण असं की दोन्हीकडे उजेड असलेला ठिपका विझावा आणि एकीकडेच असलेला उजळावा. आतला भाग काळा झाला, कडेला फक्त लकाकती रेघ उरली. जागेचा एक कणही न खर्चता शत्रू मिळाला, आणि तो शत्रू नायकच. संगणकाच्या अडचणीतून कथेचा गाभा निघावा, असं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

या खेळाचं घड्याळ मात्र बहुतेक खेळणाऱ्यांच्या नजरेतून सुटतं.

साठ मिनिटं खरी असतात, आपल्या भिंतीवरच्या घड्याळासारखी. जवळजवळ. काही जाणत्या हौशी लोकांनी डॉसवरच्या तयार प्रोग्रॅमचा उलटा उलगडा केला आणि तो ओळीन्‌ओळ सी भाषेत पुन्हा लिहिला. त्याचं नाव एसडीएलपॉप. तो उघडा असल्यामुळं आतली यंत्रणा आपल्याला वाचता येते. खेळ सेकंदाचे साठ भाग करतो आणि दर पाच भागांनी एक चित्र पुढं सरकवतो, म्हणजे सेकंदाला बारा चित्रं. अशी ७२० चित्रं झाली की एक मिनिट संपलं असं तो धरतो. घड्याळ चित्रं मोजतं, सेकंद मोजत नाही. आणि तलवारी उपसल्या की एक चित्र सहा भागांचं होतं, सेकंदाला दहा चित्रं. म्हणजे झुंज चालू असेपर्यंत राजपुत्राचं मिनिट ६० सेकंदांऐवजी ७२ सेकंदांचं असतं. दोन पाती समोरासमोर आली की वेळ किंचित जड होतो, डोळ्याला वार दिसण्यापुरता. मी हे वाचल्यावर हातात घड्याळ धरून पाहिलं. पंचवीस वर्षांपूर्वी पहिल्या शिपायासमोर छाती धडधडत असताना वेळ थांबल्यासारखा वाटायचा. तो खरोखरच मंद केलेला होता, एक षष्ठांशानं, मोजून.

असा खेळ जपायचा म्हणजे काय जपायचं? फाइली जपणं सोपं आहे. त्याचा वेळ जपणं अवघड.

त्या काळच्या कित्येक खेळांचा वेळ यंत्राच्या वेगाला बांधलेला असायचा. १९८१ च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्‌झचा. प्रोग्रॅम लिहिणारा म्हणे, एवढ्या वेळा रिकामी फेरी मारा की पात्र एक पाऊल टाकेल. नवं यंत्र आलं, त्यानं त्याच फेऱ्या दहापट लवकर मारल्या आणि पात्र भिंतीवर आदळून मेलं. म्हणून ३८६, ४८६ च्या डब्यांवर टर्बो नावाचं बटण असे. नाव वेगाचं, पण त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्याचा. आमच्या गावात हायवेलगत, दुकानांच्या वर एक कॉम्प्युटर क्लास होता. १९९७ मध्ये तिथल्या ४८६ च्या डब्यावर ते बटण होतं आणि शेजारी वेगाचे हिरवे आकडे. टायपिंग झालं की सर अर्धा तास खेळू देत. वीज गेली की सगळे एकदम "अरे यार!" म्हणत, कारण तिसऱ्या मजल्याआधी खेळ जतन करता येत नसे. प्रिन्सचा पाया यंत्राच्या वेगावर नसून त्याच्या टायमरच्या चिपवर होता, त्यामुळं त्याला टर्बोची गरज पडली नाही. त्याच्या बनावटीतली ही दूरदृष्टी तेव्हा आम्हाला कुठून दिसणार!

मग विंडोजनं डॉसला हळूहळू घराबाहेर काढलं. एक्सपीमध्ये डॉसचे खेळ चालत, पण आवाज गायब, कळा अडकत. ६४ बिटांच्या विंडोजवर १६ बिटांचे प्रोग्रॅम मुळीच चालेनासे झाले आणि आजचं विंडोज ११ तर ६४ बिटांतच येतं. फाइल जशीच्या तशी असते, दुहेरी क्लिक केलं की यंत्र सांगतं, हे माझ्या जातीचं नाही.

इथं डॉसबॉक्स येतो. दोन डच प्रोग्रॅमरांनी २००२ च्या सुमारास तो सुरू केला आणि फुकट वाटला. नागपूरच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत शिकलेली पोरं त्याला वेगळ्याच निमित्तानं ओळखतात. अभ्यासक्रमात टर्बो सी++ आणि घरी नवा लॅपटॉप. ती निळी खिडकी उघडायला डॉसबॉक्सशिवाय गत्यंतर नसे. सबमिशनच्या आदल्या रात्री एखाद्याच्या लक्षात येई की ज्या खिडकीत पॉइंटरचा प्रोग्रॅम चालतो, त्याच खिडकीत प्रिन्सही चालतो. मग ती रात्र गेलीच.

डॉसबॉक्सची कारागिरी कळायची तर तो काय करत नाही ते पाहावं. तो जुन्या प्रोग्रॅमचं भाषांतर करून विंडोजच्या गळी उतरवत नाही. तो आख्खं जुनं यंत्रच उभं करतो: प्रोसेसर, चित्राचं कार्ड, आवाजाचं कार्ड, कळफलक आणि ती टायमरची चिपसुद्धा, जी सेकंदाला सुमारे ११ लाख ९३ हजार ठोके देते आणि जिच्यातून डॉसचे १८.२ टिक निघत. प्रिन्स त्या चिपला म्हणतो, मला सेकंदाचे साठ भाग करून दे. ती करून देते. खरी चिप कुठंच नाही, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. कंट्रोल आणि एफ-११ दाबलं की यंत्र हळू होतं, एफ-१२ नं जलद. सुरुवातीला तो एका मिलिसेकंदात साधारण ३००० सूचना पाळतो. आजच्या प्रोसेसरला हे म्हणजे शर्यतीच्या घोड्यानं नवरदेवाच्या मिरवणुकीत चालणं. तेवढ्या संयमानं तो चालतो, आणि त्याची टायमरची चिप बरोबर ठोके देते म्हणून राजपुत्राची झुंज आजही बहात्तर सेकंदांच्या मिनिटानं चालते.

एक बारीक गोष्ट राहिलीच. डॉसबॉक्स नुसता उघडला तर राजपुत्र थोडा बुटका दिसतो. भाच्याला तो तसाच वाटला असता, मला टोचलं. जुना खेळ ३२० बाय २०० ठिपक्यांत काढलेला, पण तेव्हाचा जाडा काचेचा मॉनिटर चार-तीन प्रमाणाचा. म्हणजे त्यावर प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा उंचीला जास्त ताणला जाई. आजच्या पडद्याचा ठिपका चौरस. त्यामुळं पडदा आडवा होतो आणि माणूस खाली दबतो. डॉसबॉक्सच्या फाइलमध्ये आस्पेक्ट नावाची एक ओळ आहे, तिथं 'ट्रू' लिहायचं. लिहिलं आणि तो पुन्हा त्याच्या उंचीला उभा राहिला: सडसडीत, पंधरा-सोळा वर्षांच्या पोराच्या बांध्याचा. त्या एका ओळीनं डेव्हिडचं शरीर परत आलं.

जतनाची मूळ गोष्टही अशीच घरगुती आहे. ॲपल टूवरचा मूळ प्रोग्रॅम, मेकनरनं स्वतः लिहिलेला, कित्येक वर्षं सापडत नव्हता. २०१२ साली त्याच्या वडिलांना कपाटाच्या मागच्या भागात जुन्या साडेतीन इंची फ्लॉपी सापडल्या. चुंबकीय तबकडीचं एवढं वय म्हणजे मरणाच्या दारातलं. एप्रिलमध्ये जुने प्रोग्रॅम जपणारा जेसन स्कॉट आणि जुन्या ॲपल यंत्रांचा जाणकार टोनी डियाझ मेकनरच्या घरी आपली सामग्री घेऊन बसले, एकेक तबकडी वाचून काढली आणि ६५०२ च्या असेंब्लीत लिहिलेला तो प्रोग्रॅम जगासाठी खुला झाला. मला या हकिकतीतला एक योगायोग विलक्षण वाटतो: या खेळातलं संगीत मेकनरच्या वडिलांनीच, फ्रान्सिस मेकनर यांनी, रचलेलं आहे. धावणं भावाचं, संगीत वडिलांचं, आणि हरवलेलं सापडलं तेही वडिलांच्या कपाटात.

आमच्याही घरी कपाट आहे. लोखंडी, आईच्या साड्यांच्या तळाशी डांबरगोळ्या. तिथं मला एक काळी फ्लॉपी मिळाली, लेबलावर माझ्या शाळकरी अक्षरात 'प्रिन्स'. १.४४ मेगाबाइट. नागपूरच्या सीताबर्डीतून यूएसबीचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला, पातळ पत्रा हलक्या हातानं बाजूला सारून आतली तबकडी उजेडात पाहिली. बुरशीचा डाग होता, कडेला, चण्याच्या डाळीएवढा. घातली. ड्राइव्ह गुरगुरला, थांबला, पुन्हा गुरगुरला. मग यादी आली. प्रिन्स.ईएक्सई. लेव्हल्स.डॅट. व्हिजिअर.डॅट. फॅट.डॅट, म्हणजे तो जाड्या शिपाई. आणि किड.डॅट. आम्ही त्याला राजपुत्र म्हणत होतो. त्याच्या फाइलीचं नाव नुसतं 'पोरगं' आहे. ज्यानं धाकट्या भावाला पळवलं त्यानं दुसरं काय नाव दिलं असतं!

एक फाइल सोडून सगळ्या वाचल्या गेल्या. न वाचलेली संगीताची होती. आमच्या क्लासच्या ४८६ ला साउंड कार्ड नव्हतं, डब्याच्या आतला स्पीकर तेवढा बीप-बीप करी. म्हणजे जे हरवलं ते मी कधी ऐकलेलंच नव्हतं. इंटरनेट अर्काइव्हनं २०१५ मध्ये डॉसचे दोन हजारांहून जास्त खेळ थेट ब्राउझरमध्ये चालतील असे मांडून ठेवले आहेत, आत डॉसबॉक्सच घालून. तिथला प्रिन्स मी रात्री कानाला हेडफोन लावून सुरू केला. राजकन्येची खोली, वाळूचं घड्याळ, जाफर आत येतो, आणि पूर्वेकडची वाटावी अशी ती सुरावट, एकापेक्षा जास्त स्वरांत. खेळ मी मनगटात पाठ केलेला; आवाज पहिल्यांदाच.

तिथंच एक जुना अडसरही पुन्हा आठवला. पहिला मजला संपला की डॉसवरच्या मूळ खेळात बाटल्यांनी भरलेली एक खोली येते, प्रत्येक बाटलीवर एक अक्षर. पुस्तिकेच्या अमुक पानावरच्या अमुक ओळीतल्या शब्दाचं पहिलं अक्षर ओळखून ती बाटली प्यायची. नक्कल करणाऱ्यांना अडवण्याची युक्ती. पण किती सभ्य! आरडाओरडा नाही, विषाची भीती खेळाच्याच भाषेत घातलेली. कन्हानमध्ये पुस्तिका कुणी पाहिलीच नव्हती. म्हणून 'प्रिन्स मेगाहिट' हे दोन शब्द आमच्यात मंत्रासारखे तोंडातोंडी फिरत. ते टाइप केले की मजले ओलांडता येत. आज जतन करणारे ती छापील पुस्तिकासुद्धा पानन्‌पान स्कॅन करून ठेवतात, कारण त्या खोलीचं कुलूप कागदाचं आहे. त्यांच्या या काटेकोरपणाला माझा नमस्कार.

भाच्याला मी मंत्र सांगितला नाही. सुट्टीभर तो खेळला. आठव्या मजल्यावर दार बंद झालं तेव्हा तो चिडून लॅपटॉप मिटणार होता. मी म्हटलं, थांब जरा. बराच वेळ काही हललं नाही. मग उजवीकडून एक पांढरा उंदीर आला, राजकन्येनं पाठवलेला, टुणटुणत कळीवर चढला आणि दार वर गेलं. तो माझ्याकडे बघून हसला. पहिल्यांदाच काहीही न दाबता त्यानं एक दार उघडलं होतं.

शाळा सुरू व्हायला चार दिवस असताना तो बाराव्या मजल्यावर पोचला. वरून छाया उडी मारून समोर उभी राहिली, तलवार उपसून. त्यानं वार केला. छायेचा प्राण एकानं कमी झाला, आणि खाली डावीकडं त्याचाही. त्यानं पुन्हा वार केला. पुन्हा तसंच.

"मामा, मी याले मारलं की मलेच लागून रायलं."

मी काही बोललो नाही. कूलरमध्ये पाणी संपलं होतं, बाहेरून रामटेककडे जाणाऱ्या गाडीचा भोंगा आला. पडद्यावर दोघं एकमेकांसमोर तलवारी धरून उभे, सेकंदाला दहा चित्रांच्या संथ लयीत, पाय हलवत. घड्याळात सात मिनिटं उरली होती, झुंजीची, म्हणून थोडी लांब. त्याचं बोट वाराच्या कळीवरून उठलं, थोडं रेंगाळलं, आणि त्यानं खालचा बाण दाबला. राजपुत्रानं तलवार म्यान केली. समोर छायेनंही.